अण्णांनी न दिलेली दाद

फणसळकर अण्णा गेले तेव्हा गिरगावात त्यांची शोकसभा झाली. मी गेलो होतो, मागच्या खुर्चीवर बसलो होतो. एक तबलजी बोलले, एक गायिका बोलल्या, अण्णांच्या वाडीतले एक वकील तर थांबेचनात. प्रत्येकाचं सांगणं एकच : अण्णांनी मला दाद दिली आणि मी उभा राहिलो. शेवटी सूत्रसंचालकाने विचारलं, "आणखी कुणाला बोलायचं आहे का?" मी हात वर केला. त्याने माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी उभं राहायला सांगितलं.

जे बोलायचं होतं ते म्हणून लिहितो आहे. त्या हॉलमध्ये अण्णांनी ज्याला कधीच दाद दिली नाही असा मी एकटा होतो. तेव्हा त्यांच्याबद्दल निःपक्षपातीपणे बोलू शकणाराही मीच एकटा होतो.

अण्णा गात नसत, वाजवत नसत, गाण्यावर लिहीत नसत. विमा कचेरीत कारकून म्हणून लागले, मोठ्या टेबलापर्यंत पोचले आणि निवृत्त झाले. त्यांचा खरा उद्योग म्हणजे ऐकणं. गिरगावात किंवा दादरला कुठे खासगी बैठक ठरली की गाणाऱ्याचा पहिला प्रश्न असे, "अण्णा येणार ना?" पुढच्या रांगेत अण्णा असले की गाणारा खुलतो, असा सगळ्यांचा अनुभव होता. नवख्या गायकांचे आईवडील त्यांच्या घरी जाऊन निमंत्रण देत, लग्नाचं द्यावं तसं, अक्षता तेवढ्या राहायच्या. टॅक्सी पाठवतो म्हणत. अण्णा टॅक्सी घेत नसत. बसने यायचे, बसने जायचे, आणि बिनसाखरेचा चहा सोडला तर कुणाचं काही घ्यायचे नाहीत.

त्यांची दाद कशी असे ते सांगायला हवं. उजवा हात मांडीवरून उठायचा, खांद्याच्या जरा खाली येऊन थांबायचा, बोटं उघडायची आणि मग तोंडातून "वा" यायचा. गाणाऱ्याला आणि शेजारच्या दोघांना ऐकू जाईल एवढाच. एका मैफिलीत असे फार थोडे. "क्या बात है" ते कधी म्हणाले नाहीत. "ते टॅक्सीच्या मागे लिहितात," म्हणायचे. टाळ्यांचा त्यांना राग होता. "टाळी झाल्यावर वाजवतात. होत असताना तोंड उघडायला हिंमत लागते."

आणखी एक सवय होती. खिशात कायम खडीसाखरेची पुडी. मागे कुणी खोकलं की अण्णा मान न वळवता खांद्यावरून हात मागे करायचे. हातात खडीसाखरेचा खडा असायचा. तो हातोहात खोकणाऱ्यापर्यंत पोचायचा. त्यानंतर त्या हॉलमध्ये खोकायची कुणाची छाती व्हायची नाही.

आता माझं सांगतो. मी लालबागचा परब. वडील गिरणीत होते, मूळ मालवणकडचे. गिरणी गेली तेव्हा मी टाइल्सच्या दुकानात खोकी उचलायला लागलो. गाण्याचं वेड मला कुणी लावलं नाही, फुकट होतं म्हणून लागलं. दुकान बंद झालं की गिरगावात चालत जायचं, विनामूल्य प्रवेश लिहिलेला हॉल शोधायचा आणि मागे बसायचं. हळूहळू कळायला लागलं. कळतंय हे कुणाला तरी कळावं असंही वाटायला लागलं.

एके संध्याकाळी एक बाई यमन गात होत्या. एक तान त्यांनी अशी काढली की आता ही कुठेतरी भलतीकडेच जाणार, आणि ती वळसा घेऊन समेवर अशी उतरली, जणू बाई रस्ता चुकलेल्याच नव्हत्या. माझ्या तोंडून "वा" निघून गेला. बरोबर समेवर. हे मी आजही कुणाशीही पैज लावून सांगेन. अर्ध्या हॉलने वळून बघितलं. पुढे अण्णांचा हात नुकताच उठला होता, तो तसाच खाली गेला. मग तोच हात खांद्यावरून मागे आला. रांगा ओलांडत, या हातातून त्या हातात करत माझ्यापर्यंत काय आलं? खडीसाखर.

माझी दाद त्यांनी खोकल्यात काढली. लोक हसले. मी तो खडा तोंडात टाकला, कारण फेकायला जागा नव्हती, आणि मध्यंतर व्हायच्या आत निघून आलो.

त्यानंतर मी स्वतःचं दुकान काढलं. परळला, भर रस्त्यावर. व्यापाऱ्यांशी भांडलो, बिल्डरांशी भांडलो, पालिकेच्या लोकांशी भांडलो आणि ज्याच्याशी भांडलो त्याच्याकडून भाव कमी करून घेतला. जिथे गिरणीचं धुराडं होतं तिथल्या टॉवरमध्ये घर घेतलं. त्यात एक खोली फक्त गाणं ऐकायला ठेवली. मनात एकच होतं. या खोलीत मी पाहिजे तिथे, पाहिजे तेवढ्या मोठ्याने "वा" म्हणेन आणि कुणी वळून बघणार नाही.

पण कुणी वळून बघणारच नसेल तर मजा काय, हेही होतं. म्हणून त्या खोलीत मला अण्णा हवे होते. त्या खोलीत बसून अण्णांनी हात वर करून एकदा "वा" म्हणावं, एवढी एकच वसुली माझी बाकी होती.

देवाने ते आपणहून दुकानात पाठवले. वाडीची नवी इमारत होत होती आणि न्हाणीघराच्या टाइल्स निवडायला अण्णा आले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी मात्र पाठीवरून ओळखलं, इतकी वर्षं पाठच बघितली होती. त्यांनी रंग बघितला नाही, भाव विचारला नाही. एकेक टाइल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवून बघायला लागले.

"ही फार बोलते," म्हणाले. "जरा कमी बोलणारी दाखवा."

"न्हाणीघरात लावायची ना? तिथे कोण ऐकतंय?"

"मी ऐकतो. आमच्या सौभाग्यवती आंघोळ करताना गुणगुणतात. मी बाहेर पेपर घेऊन बसतो. त्यांना वाटतं मी पेपर वाचतो. जुन्या मोरीत फार छान लागायचं. नव्या घरात ते बिघडायला नको."

त्यांनी एक खरबरीत, जुन्या फॅशनची टाइल निवडली आणि मी सांगितला तो भाव मुकाट्याने दिला. याने माझं डोकं फिरलं. भाव करणाऱ्या माणसाला भाव न करणारं गिऱ्हाईक अपमान केल्यासारखं वाटतं. मी आपणहून सूट दिली. "का दिलीत?" त्यांनी विचारलं. "माझ्या घरी गाणं ऐकायला या, म्हणून." "मग ती सूट नाही, आमंत्रण आहे," म्हणाले आणि आले.

खोली तयार होती. परदेशी स्पीकर, जुन्या रेकॉर्डी, मधोमध एक चामड्याची खुर्ची, आणि चारही भिंतींना खालपासून छतापर्यंत माझ्या दुकानातल्या सर्वांत महाग, आरशासारख्या टाइल्स. माझ्या घरात मी दुसरं काय लावणार? अण्णा दारात उभे राहिले. आत बघितलं. मग हळूच म्हणाले, "वा."

मला वाटलं वसुली झाली. पण तो "वा" भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत फिरला, परत आला, पुन्हा गेला. अण्णा तो पूर्ण थांबेपर्यंत ऐकत राहिले.

"परब, न्हाणीघर छान झालंय," ते म्हणाले. "आता गाण्याची खोली दाखवा."

माझी बायको सुनंदा चहा घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, "मगे साबण खंय ठेवू?" अण्णा इतके हसले की त्यांना माझ्या खुर्चीत बसावं लागलं. तेव्हापासून त्या दोघांची युती झाली ती शेवटपर्यंत टिकली.

आणि तो दारातला "वा" दाद नव्हती. तो त्यांनी विहीर किती खोल आहे ते बघायला खडा टाकावा तसा टाकला होता. मी नंतर विचारून खात्री करून घेतली.

अण्णांचं म्हणणं, या भिंतींना काहीतरी पांघरूण घातल्याशिवाय इथे गाणं ऐकता येणार नाही. मी चौकशी केली. आवाज शोषणारी पॅनेलं मिळतात असं कळलं आणि वरळीच्या एका शोरूममध्ये अण्णांना घेऊन गेलो. तिथला विक्रेता चुणचुणीत मुलगा होता. फोमची टोकदार पॅनेलं, फेल्टची रंगीत पॅनेलं, काचेची लोकर भरून वर कापड ताणलेली जाड पॅनेलं, लाकडी पट्ट्यांची पॅनेलं, सगळं भिंतीवर मांडून ठेवलं होतं. तो प्रत्येकासमोर टाळी वाजवून दाखवत होता. अण्णा प्रत्येकासमोर जाऊन, तोंड जवळ नेऊन "वा" म्हणत होते. शोरूममधली माणसं थांबून बघायला लागली. त्यांना वाटलं म्हाताऱ्यांना डिझाइन फार आवडतंय.

"काका, टाळी वाजवा. स्टँडर्ड तसंच आहे," विक्रेता म्हणाला.

"यांच्या खोलीत टाळी वाजणार नाही," अण्णा म्हणाले. "जे होणार ते बघतो." मग फोमच्या टोकांवरून हात फिरवत म्हणाले, "हे ऐकत नाही रे. हे गिळतं. ऐकणारं दाखव. ऐकेल आणि थोडं परत देईल असं."

"थोडं म्हणजे किती काका?"

"तुझी आई हाक मारते आणि तू आतून ओ देतोस, तेवढं."

मुलाने टाळ्या थांबवल्या. नंतर त्याने अण्णांना लाकडी पट्ट्यांच्या पॅनेलांकडे नेलं. अण्णा तिथे बराच वेळ थांबले. म्हणाले, "समोरच्या भिंतीला काही नको. मागे ही. दोन्ही बाजूंना थोडी कापडाची, कोपऱ्यांत जाड. बाकी भिंत राहू दे."

इथे मी मध्ये पडलो. मी भाव करायला बसलो होतो आणि मला रंग चढला होता. मुलगा म्हणत होता, थोडी घेतलीत तर हा भाव, चारही भिंतींची घेतलीत तर कितीतरी खाली. मी त्याच्या साहेबाला बोलावलं, साहेबाच्या साहेबाला फोन लावायला लावला, आवाज चढवला, उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. शेवटी फोमचा सगळा माल मी अशा भावात उचलला की त्या मुलाचा चेहरा उतरला. चार भिंती, वर छत.

"पण एवढं कशाला हवंय?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, अर्ध्या भावात मिळालंय."

"हो, पण लावायचं तर पूर्ण आहे ना?"

मी हसण्यावारी नेलं. मी गाडी आणली होती, तरी ते बसनेच निघाले आणि मला त्यांच्या बरोबर चढावं लागलं. गाडी दुसऱ्या दिवशी आणली.

फोम लावायला माणसं आली तेव्हा एक गंमत झाली. माझ्या टाइल्सवर गोंद धरेचना. संध्याकाळी लावलेलं पॅनेल सकाळी जमिनीवर. मनातून मला बरं वाटलं, माल कुणाचा आहे म्हणून. शेवटी लाकडी चौकटी ठोकून सगळं बसवलं. खोली आतून काळ्या फणसासारखी दिसायला लागली.

आत गेलो, दार लावलं, एका जुन्या गायिकेची रेकॉर्ड लावली. तंबोरा गेला होता. बाईंचा आवाज होता, पण बाई गळ्याला मफलर गुंडाळून गात असाव्यात तसा. डग्गा मात्र धपाधप येत होता. सुनंदा आत आली, काहीतरी बोलली आणि दचकून बाहेर गेली. "हयसर बोललंय तर माझो आवाज माकाच गावणा नाय," म्हणाली. तिने त्या खोलीत पाय टाकायचं सोडलं. मी हट्टाने रोज जाऊन बसायचो. अर्ध्या तासात कानांना दडे बसायचे आणि स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मला वाटलं महाग वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो.

अण्णा आले. मधोमध उभे राहिले, "वा" म्हणाले. तो "वा" त्यांच्या पायाशीच पडला. त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"परब, इथे कुणी गेलंय का?"

"नाही. का?"

"दुखवट्याच्या घरात असं होतं. माणसं बोलायची थांबतात आणि भेटायला येणाऱ्यांसाठी घातलेल्या गाद्या काढून टाकेपर्यंत काही सुचत नाही. काढा हे."

"सगळं?"

"एकेक काढू. किती पुरे ते भिंतच सांगेल."

पुढचे कितीतरी रविवार अण्णा दुपारचे यायचे. मी एक पॅनेल उतरवायचो, अण्णा ऐकायचे, म्हणायचे, "अजून." मालाची नासाडी बघवत नाही मला. सुनंदाला मात्र ते काम फार आवडायचं. उतरवलेलं पॅनेल तिने मिक्सरखाली घातलं, एक कपाटामागे सरकवलं, एकावर पापड वाळत घालून बघितले. उरलेली मी सोसायटीच्या बैठकीच्या खोलीला भेट दिली. तिथे आता कुणी कितीही ओरडलं तरी भांडण पेटत नाही, अशी सेक्रेटरीची तक्रार आहे.

त्या रविवारांतच अण्णा कसे आहेत ते मला कळलं. त्या साबणाच्या हसण्यानंतर खुर्चीत ते पुन्हा कधी बसले नाहीत. पहिल्याच रविवारी विचारलं, "दुसरी खुर्ची कुठे आहे?"

मी अभिमानाने सांगितलं की आवाज बरोबर जुळतो ती जागा एकच असते, म्हणून खुर्ची एकच.

"एकट्याने गाणं ऐकतात होय?" ते म्हणाले. "औषध घेतल्यासारखं?"

मग सतरंजी आली. अण्णा भिंतीला टेकून बसायचे, सुनंदा दारापाशी, मी खुर्चीत. पुढे मीही खाली आलो, कारण खुर्चीत बसून अण्णांकडे वरून बघायला मला अवघड वाटत होतं. मग अण्णांनी सुनंदाच्या भिशीतल्या बायकांना बोलवा म्हणून आग्रह धरला. "माणसं बसली की भिंती मऊ होतात. तुमच्या निम्म्या फोमचं काम त्यांच्या साड्याच करतील." मी म्हटलं, त्यांना चहा कोण देणार? "फोमपेक्षा चहा स्वस्त," अण्णा म्हणाले. हे माझ्याच भाषेत होतं. बायका आल्या. आणि खरोखर, त्या दिवशी तंबोरा पहिल्यांदा परत आला. मागच्या भिंतीला नंतर लाकडी पट्ट्यांची पॅनेलं बसवली, अण्णांनी आधी सांगितली होती तीच. तो वरळीचा मुलगा स्वतः आला. सुनंदाचा हातातला आरसा मागून घेतला, तो भिंतीवरून सरकवत गेला आणि म्हणाला, काकांच्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला की तिथे कापडाचं पॅनेल लावायचं. अण्णांना ही युक्ती फार आवडली. "पण यात मीच दिसतोय," म्हणाले. "माझ्यावर काही लावू नका." या वेळी त्या मुलाने मला भावात एक पैसाही सोडला नाही आणि मी ते विसरलेलो नाही.

खोली जमत आली तसा माझा धीर सुटत चालला. बायका माना डोलवायच्या, सुनंदा डोळे मिटायची, आणि अण्णा "छान" म्हणायचे. "स्वच्छ आहे," म्हणायचे. एकदा "तबला आता बसला," म्हणाले. हात मांडीवरून हलला नाही. शेवटी मी उघड विचारलं.

"अण्णा, एक वा तरी द्या."

"कुणाला?"

"बाईंना. एवढी तान घेतली त्यांनी."

"बाई इथे नाहीत. ही जुनी रेकॉर्ड आहे, परब. मी वा म्हटलं तर त्या पुढची तान वेगळी घेणार आहेत का?"

"मग खोलीला द्या."

"खोली गात नाही."

"मग मला द्या."

"तुम्ही काय केलंत?"

"मी ही खोली बांधली."

"बिल दिलंत," अण्णा म्हणाले. सुनंदा फिसकन हसली.

मी तापलो. म्हटलं, "अण्णा, अमुक हॉल, अमुक बाई, यमन. मागे बसलेल्या एका पोराने बरोबर समेवर वा म्हटलं आणि तुम्ही त्याला खडीसाखर पाठवलीत. आठवतंय?"

अण्णांनी मान कलती करून माझ्याकडे बघितलं. "ते तुम्ही होतात?"

"मी होतो. आणि दाद बरोबर होती."

"बरोबर होती," अण्णा म्हणाले. इतक्या वर्षांत ही शक्यता माझ्या मनात आली नव्हती. "जागा अगदी बरोबर होती. माझ्याही आधी आलात. पण ती तुम्ही बाईंना दिली नव्हती, आम्हाला दिली होती. आम्ही वळून बघावं म्हणून. मग आम्ही बघितलं."

"आणि खडीसाखर?"

"ते असं," अण्णा जरा ओशाळून म्हणाले, "माझा हात अर्ध्यावर होता. तुम्ही आधी बोललात. तो हात परत कसा घेणार? काहीतरी करायला हवं होतं."

त्या दिवशी मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो नाही. सुनंदा गेली. वर येऊन म्हणाली, "म्हातारो तुमका मानता." मी म्हटलं, मग तसं म्हणत का नाही? ती म्हणाली, "तुम्ही भाव करतास म्हणान."

नंतर अण्णांचं येणं कमी झालं. चालताना दम लागायचा, बसची पायरी उंच वाटायची. मी गाडी पाठवतो म्हटलं की फोन ठेवून द्यायचे. शेवटचे आले ती एक उन्हाळ्यातली दुपार होती. घरात कुणी नव्हतं, मी आणि ते. बायकांना मुद्दाम बोलावलं नव्हतं. मी यमनची रेकॉर्ड शोधून काढली होती, खडीसाखरेच्या संध्याकाळच्या त्याच बाईंची. अण्णा लाकडी पट्ट्यांच्या भिंतीला टेकून बसले. पाय लांब केले, त्याबद्दल माफी मागितली.

त्या दिवशी खोली जशी वाजली तशी पुन्हा कधी वाजली नाही. बाई समोरच्या भिंतीपाशी बसल्या आहेत, तंबोरे त्यांच्या मागे आहेत, डावीकडे तबला आहे, असं सरळ दिसत होतं. तान सुरू झाली. मी बाईंकडे लक्ष न देता अण्णांच्या हाताकडे बघत होतो. हात मांडीवरून सुटला. वर आला. थोडा आणखी. आणि मग अण्णांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्या हाताकडे बघतोय हे बघितलं, आणि त्याच हाताने चष्मा पुसायला काढला.

"फार चांगली खोली झाली," ते म्हणाले. "आता तुम्ही इथे गाणं ऐका."

एवढंच. पाणी प्यायले आणि उठले. गाडी नको म्हणाले. मी हट्ट केला, ते नाहीच म्हणाले. लिफ्टचं दार बंद झालं आणि मी तणतणत खोलीत आलो.

त्या खोलीच्या खिडकीला जाड दुहेरी काच आहे. खाली रस्ता दिसतो, बसचा थांबा दिसतो, शेजारी उसाच्या रसाची गाडी लागते. आवाज काही येत नाही. मी बघत होतो की हा माणूस उन्हात किती वेळ उभा राहतो. अण्णा थांब्यापाशी पोचले. बस यायला वेळ असावा. ते रसाच्या गाडीच्या सावलीत सरकले आणि उभे राहिले. मग त्यांचा उजवा हात उठला. खांद्याच्या जरा खाली थांबला, बोटं उघडली. ओठ हलले. एवढ्या उंचीवरून मला ओठ काय दिसणार, पण ते काय म्हणाले हे सांगायला मला ओठ दिसायची गरज नव्हती.

मी धावलो. लिफ्ट येईना म्हणून अर्धं अंतर जिन्याने उतरलो, तिथून लिफ्ट मिळाली. खाली पोचलो तेव्हा बस निघून गेली होती. रसवाला ग्लास विसळत होता. मी त्याला पकडलं. "ते म्हातारे काका इथे उभे होते. वा म्हणाले ना? कशाला म्हणाले?"

"म्हणाले काय तरी," तो म्हणाला. "हात असा केला. मला वाटलं रस पाहिजे. मी विचारलं देऊ का, तर नको बोलले."

"तेव्हा काय चाललं होतं?"

"काय चालणार? ऊस टाकलेला. चाक फिरत होतं."

चाकाला घुंगरं बांधलेली होती, सगळ्या गाड्यांच्या असतात तशी. आता ती गप्प होती. अण्णा पुन्हा आले नाहीत. पावसाळ्यात ते गेले तेव्हा मला निरोपही उशिरा कळला. पण त्या दुपारी हे मला माहीत नव्हतं. मी फक्त रागावलेलो होतो. माझ्या खोलीत जे निघालं नाही ते रस्त्यावर, या माणसाच्या चाकाला मिळालं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"फिरव बघू चाक," मी म्हटलं.

"ऊस टाकल्याशिवाय फिरवत नाय साहेब. ग्लास सांगा."

मी ग्लास सांगितला. चाक फिरलं, घुंगरं वाजली, ऊस संपत आला तसा त्याने हात सैल केला आणि चाक थांबलं. मी कान देऊन उभा होतो. काही कळलं नाही. रस पिऊन टाकला आणि भाव न विचारता दुसरा ग्लास सांगितला.